थोड्या लशीची वाटणी

एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या दारी सकाळी एक पेटी उतरविण्यात आली आहे, अशी कल्पना करा. पेटीत घन कार्बन डाय-ऑक्साइड, म्हणजे ज्याला आपण ‘कोरडा बर्फ’ म्हणतो तो, भरलेला आहे. आणि त्या बर्फात काचेच्या चिमुकल्या कुप्यांचा एक ट्रे आहे. कुप्या १९५. प्रत्येक कुपीवर लिहिल्याप्रमाणे तिच्यात पाच माणसांपुरती लस आहे. म्हणजे एकूण ९७५ मात्रा झाल्या. रुग्णालयात काम करणारी माणसे आहेत दहा हजार. साथ ऐन भरात आहे, आणि पुढची पेटी केव्हा येईल हे कोणीच निश्चित सांगू शकत नाही. त्या ९७५ मात्रा कोणाला टोचावयाच्या?

यातील रुग्णालय कल्पनेतले आहे. पेटी मात्र खरी आहे. कोविड-१९ या रोगावरील फायझर व बायोएनटेक या कंपन्यांची लस डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील रुग्णालयांत पोहोचू लागली, ती अशाच ट्रेमधून. ती उणे ७० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावी लागे, एकदा साध्या शीतकपाटात आणली की पाच दिवसांत संपवावी लागे, आणि आरंभी एका ट्रेपेक्षा कमी लस मागविण्याची सोय नव्हती. शिवाय प्रत्येक माणसाला तीन आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा द्यावयाच्या होत्या. तेव्हा हा प्रश्न सोडविताना न्यायबुद्धीबरोबर तापमापक आणि घड्याळ यांच्याकडेही लक्ष द्यावे लागे.

‘जो आधी येईल त्याला द्या’ हे उत्तर प्रथम सुचते. रेशनच्या दुकानापुढे किंवा तिकीटखिडकीपुढे आपण हाच न्याय मानतो. परंतु रांगेत आधी येऊन उभा कोण राहू शकतो? ज्याचे हात मोकळे आहेत तो. अतिदक्षता विभागात रुग्णाच्या उशाशी उभी असलेली परिचारिका दुपारी पाळी संपल्यावर येईल, तोवर कुप्या रिकाम्या झालेल्या असतील. लशीची ज्याला सर्वांत अधिक गरज, तोच या रांगेत शेवटी येण्याचा संभव. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० मधील आपल्या मार्गदर्शनात ‘आधी येईल त्याला आधी’ हे तत्त्व अशा प्रसंगी क्वचितच योग्य ठरते असे म्हटले आहे. दुसरे एक उत्तर कोणी उघडपणे देत नाही, पण सावधगिरी न बाळगल्यास ते आपोआप अमलात येते. ते म्हणजे, ज्याचा हुद्दा मोठा त्याला आधी.

ही दोन्ही उत्तरे बाजूला ठेवल्यावर खरा विचार सुरू होतो.

देशाचा क्रम

रुग्णालयाला हा निर्णय सर्वस्वी एकट्याने घ्यावा लागत नाही. वरून एक क्रम ठरून आलेला असतो. अमेरिकेत १ डिसेंबर २०२० रोजी तेथील लसीकरणविषयक सल्लागार समितीने पहिला गट ठरविला. त्यात सुमारे २ कोटी १० लाख आरोग्य कर्मचारी आणि दीर्घकालीन शुश्रूषागृहांत राहणारे सुमारे ३० लाख लोक होते. ब्रिटनने निराळा मार्ग पत्करला. तेथे मुख्य कसोटी वय ही होती. प्रथम वृद्धाश्रमांतील रहिवासी व त्यांची सेवा करणारी माणसे, त्यानंतर ऐंशी वर्षांवरील सर्व लोक आणि आघाडीवर काम करणारे आरोग्य कर्मचारी, असा तो क्रम होता. आपल्या देशात १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरणास आरंभ झाला तेव्हा सुमारे १ कोटी आरोग्य कर्मचारी आणि त्यांच्यामागून पोलीस, सफाई कामगार इत्यादी सुमारे २ कोटी आघाडीचे कर्मचारी हे पहिले मानकरी होते. साठ वर्षांवरील लोकांची आणि ४५ ते ५९ या वयातील व्याधिग्रस्तांची पाळी १ मार्चला आली.

एकाच रोगासाठी तीन देशांनी तीन क्रम का लावले? कारण लशीकडून काय साधावयाचे याची उत्तरे एकाहून अधिक आहेत. मृत्यू टाळावयाचे असतील तर वय पाहावे लागते. २०२० मध्ये प्रामुख्याने श्रीमंत देशांतील आकड्यांवरून काढलेल्या एका अंदाजानुसार, संसर्ग झालेल्या दर हजार माणसांमागे पंचावन्नाव्या वर्षी सुमारे ४, पासष्टाव्या वर्षी १४, पंचाहत्तराव्या वर्षी ४६ आणि पंच्याऐंशीव्या वर्षी सुमारे १५० माणसे दगावत. पंचविसाव्या वर्षी हेच प्रमाण दहा हजारांत एक इतके होते. हे आकडे पाहिले की ब्रिटनचा निर्णय पटतो. परंतु रुग्णालये चालू ठेवावयाची असतील तर विचार पालटतो. एक परिचारिका आजारी पडली म्हणजे तिच्या हाती असलेल्या अनेक खाटा निराधार होतात, आणि खाट म्हणजे नुसते लोखंड व गादी नव्हे. तिच्यापाशी कोणी उभे नसेल तर ती असून नसल्यासारखीच. यात आणखी एक गोष्ट आहे. ज्यांनी इतरांसाठी स्वतःला संकटात लोटले, त्यांचे समाजावर काही ऋण राहते, आणि ते फेडण्याची ही एक रीत आहे.

रोगाचा फैलाव थांबविणे हा हेतूही आपल्याला सहज सुचतो. तसे असते तर बाजारात, कारखान्यात हिंडणाऱ्या तरुणांना आधी लस देणे शहाणपणाचे ठरले असते. इंडोनेशियाने जानेवारी २०२१ मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांच्या पाठोपाठ काम करत्या वयातील लोकांकडे लक्ष दिले, त्यामागे हा एक विचार होता. वृद्धांमध्ये त्या देशाला मिळालेल्या लशीची पुरेशी माहिती हाती नव्हती हेही एक कारण होते. परंतु डिसेंबर २०२० मध्ये एक गोष्ट शास्त्रज्ञांना ठाऊक नव्हती. सुमारे ४३,००० लोकांवर केलेल्या फायझरच्या चाचणीत लक्षणांसह होणारा आजार ९५ टक्क्यांनी कमी होतो, एवढे सिद्ध झाले होते. लस घेतलेला माणूस दुसऱ्याला संसर्ग देतो की नाही, याचे मोजमाप त्या चाचणीत केलेले नव्हते. जे सिद्ध झालेले नाही त्याच्या आधारावर थोडी लस खर्च करणे बहुतेक देशांना धोक्याचे वाटले.

वरून आलेला क्रम कितीही विचारपूर्वक ठरविलेला असला, तरी कुप्यांचा आकार त्यालाही वाकवितो. ब्रिटनच्या यादीत वृद्धाश्रमांचे रहिवासी पहिले होते. पण ९७५ मात्रांचा गठ्ठा फोडून वीस-तीस वृद्धांच्या आश्रमात नेणे आरंभी शक्य नव्हते. म्हणून ८ डिसेंबर २०२० रोजी पहिली लस कॉव्हेंट्री येथील रुग्णालयात नव्वद वर्षांच्या एका बाईंना टोचण्यात आली, आणि यादीत ज्यांचा पहिला क्रमांक होता त्यांना आणखी काही दिवस वाट पाहावी लागली.

रुग्णालयाच्या भिंतींच्या आत

‘आरोग्य कर्मचारी’ असे शासनाने म्हटले म्हणजे काम संपत नाही. आपल्या कल्पनेतील रुग्णालयात सगळेच, म्हणजे दहाही हजार लोक, आरोग्य कर्मचारी आहेत. त्यांत शस्त्रवैद्य आहेत तसे हिशेबनीसही आहेत. तेव्हा गटाच्या पोटात पुन्हा क्रम लावावा लागतो, आणि येथेच खरी कसोटी लागते.

कोणाला धोका अधिक, हे हुद्द्यावरून कळत नाही. तो माणूस दिवसभर काय करतो यावरून कळते. रुग्णाच्या घशात श्वासनलिका घालणारा डॉक्टर रुग्णाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर असतो. त्याच खोलीची लादी पुसणारा, मलमूत्राची भांडी उचलणारा, चादरी गोळा करणारा कामगारही तीच हवा घेतो, आणि बहुधा डॉक्टरपेक्षा अधिक वेळ घेतो. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत १६ जानेवारीला पहिली लस एका सफाई कर्मचाऱ्याला टोचण्यात आली. पुष्कळांनी तिच्याकडे एक सौजन्याची कृती म्हणून पाहिले. मला वाटते, धोक्याच्या हिशेबानेही ती तितकीच बरोबर होती.

हा हिशेब हजारो माणसांसाठी करावयाचा तर काहीतरी ठरावीक पद्धत हवी. प्रत्येकाला वय, विभाग, काम इत्यादी गोष्टींसाठी गुण द्यावे, गुणांची बेरीज करावी आणि सर्वांत अधिक गुण असलेल्यापासून खाली येत जावे, ही पद्धत अनेक रुग्णालयांनी स्वीकारली. अशा पायरीपायरीच्या पद्धतीला ‘अल्गोरिदम’ म्हणतात. शाळेच्या गणितात आपण जिला ‘रीत’ म्हणतो तीच ही. नवव्या शतकातील अल्-ख्वारिझ्मी या गणितज्ञाच्या नावावरून हा शब्द आला आहे. भारतीय अंकपद्धती पश्चिमेकडे पोहोचली ती बऱ्याच अंशी त्याच्याच ग्रंथामुळे. यंत्राने केली म्हणून रीत शहाणी होत नाही. तिच्यात जे घातले तेच तिच्यातून बाहेर येते.

स्टॅनफर्डमधील सात

याचे एक ठळक उदाहरण कॅलिफोर्निया राज्यातील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या रुग्णालयात घडले. तेथे पहिल्या टप्प्यात ५,००० मात्रा द्यावयाच्या होत्या, आणि त्या कोणाला द्याव्या हे अशाच एका गुणपद्धतीने ठरविण्यात आले. रुग्णालयात १,३०० हून अधिक निवासी डॉक्टर होते. वैद्यकीय पदवी घेऊन पुढील प्रशिक्षण घेणारे हे तरुण डॉक्टर रात्रंदिवस रुग्णांपाशी असतात. आपल्याकडील मोठ्या सरकारी रुग्णालयांत ज्यांनी एक रात्र काढली आहे, त्यांना निवासी डॉक्टर म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही. पहिल्या ५,००० च्या यादीत या १,३०० पैकी किती जणांची नावे आली? सात. दर दोनशांत जेमतेम एक. त्याच यादीत घरी बसून दूरध्वनीवरून रुग्णांना सल्ला देणारे काही ज्येष्ठ डॉक्टर मात्र होते. १८ डिसेंबर २०२० रोजी निवासी डॉक्टरांनी रुग्णालयात निदर्शने केली. त्याच दिवशी व्यवस्थापनाने चूक मान्य करून क्षमा मागितली आणि योजना बदलण्याचे वचन दिले.

कोणी लबाडी केली होती काय? तसे काही दिसून आले नाही. नीतिशास्त्राचे व संसर्गरोगांचे जाणकार त्या पद्धतीवर कित्येक आठवडे खपले होते. मग हे घडले कसे? ती पद्धत पुढे उजेडात आली. तिच्यात तीन प्रकारच्या गोष्टी मोजल्या जात. पहिली वय. वयाप्रमाणे गुण वाढत जात, आणि पासष्ट व त्यावरील तसेच पंचवीस व त्याखालील लोकांना जादा गुण मिळत. दुसरी काम. त्या हुद्द्याच्या आणि त्या विभागाच्या लोकांत किती जणांना कोविड झाला होता, आणि त्या हुद्द्याच्या लोकांच्या किती तपासण्या झाल्या होत्या, यावर हे गुण अवलंबून होते. तिसरी, राज्याच्या आरोग्य खात्याचे मार्गदर्शन.

ही पद्धत कोठे अडखळते हे समजण्यासाठी आपण तशीच एक लहानशी रीत करून पाहू. पुढील आकडे स्टॅनफर्डचे नाहीत. केवळ गणित समजावे म्हणून मी ते कल्पिले आहेत. वयाच्या दर पूर्ण दहा वर्षांस १ गुण द्या, पासष्ट ओलांडल्यास आणखी २ द्या, विभागातील संसर्गाप्रमाणे ० ते ५ आणि हुद्द्यातील संसर्गाप्रमाणे ० ते ५ गुण द्या. आता तीन माणसे घेऊ. सहासष्ट वर्षांचे एक प्राध्यापक डॉक्टर आहेत. मार्चपासून ते घरूनच काम करतात. त्यांना वयाचे ६ व २, विभागाचे ३ आणि हुद्द्याचे २ असे १३ गुण मिळाले. बेचाळीस वर्षांची एक परिचारिका कोविडच्या कक्षात असते. तिला वयाचे ४, विभागाचे ५ आणि हुद्द्याचे ५ मिळून १४ गुण पडले. येथवर ठीक आहे. तिसरा, एकोणतीस वर्षांचा निवासी डॉक्टर. त्याला वयाचे २ गुण मिळाले. हुद्द्याचे ४ मिळाले. आणि विभागाचे? तो एक महिना अतिदक्षता विभागात, पुढचा महिना अपघात विभागात, तिसरा आणखी कोठे असतो. कागदोपत्री त्याचा ठरलेला असा विभागच नाही. त्या रकान्यात शून्य पडले. बेरीज ६.

रिकामा रकाना आणि शून्य यांत किती अंतर आहे, हे या उदाहरणावरून ध्यानात येईल. ‘ठाऊक नाही’ याचा अर्थ रीतीने ‘धोका नाही’ असा केला. स्टॅनफर्डच्या व्यवस्थापनाने दिलेल्या स्पष्टीकरणातही हीच दोन कारणे होती: निवासी डॉक्टरांना हिशेबात घालता येईल असा नेमलेला विभाग नव्हता, आणि त्यांचे वय कमी होते.

परंतु दोष येथेच संपत नाही. समजा, कोणी तो रकाना भरला आणि निवासी डॉक्टरला विभागाचे पूर्ण ५ गुण दिले. त्याची बेरीज ११ होईल. घरी बसलेले प्राध्यापक तरीही १३ वरच राहतील. कारण आपल्या रीतीत, आणि स्टॅनफर्डच्याही, ‘हा माणूस प्रत्यक्ष कोविडच्या रुग्णाजवळ जातो काय’ हा प्रश्न विचारलेलाच नाही. त्याऐवजी ‘याच्या विभागात किती जणांना रोग झाला’ हे विचारले आहे. रोग रुग्णापासून झाला की घरी, बाजारात, नातलगांकडून झाला, हा भेद या आकड्यात दिसत नाही. जे मोजणे कठीण होते त्याच्या जागी जे मोजणे सोपे होते ते बसविण्यात आले. असे प्रकार शास्त्रात आणि कारभारात नेहमी घडतात, आणि बहुधा कोणाच्या ध्यानातही येत नाहीत. येथे यादी चव्हाट्यावर आली म्हणून ते दिसले.

यादी जाहीर करण्यापूर्वी एक साधे काम करता आले असते. तिच्यातील ५,००० नावांची हुद्द्यांप्रमाणे विभागणी करून परिचारिका किती, सफाई कामगार किती, निवासी डॉक्टर किती हे पाहावयाचे. अर्ध्या तासात कोणाही कारकुनाला सात हा आकडा दिसला असता, आणि त्यासाठी संसर्गरोगांचे ज्ञानही लागले नसते. नवीन पूल वाहतुकीस खुला करण्यापूर्वी त्यावरून भरलेल्या मालमोटारी नेऊन पाहतात; रीतीचीही तशी परीक्षा घेता येते.

यादीत नाव नसलेली माणसे

निवासी डॉक्टरांची नावे निदान रुग्णालयाच्या पटावर होती. त्यांना निदर्शने करता आली, पत्रे लिहिता आली, आणि वृत्तपत्रांनी त्यांची दखल घेतली. रुग्णालयात अशीही माणसे असतात की ज्यांचे नाव पगारपत्रकात नसते. ठेकेदाराने पाठविलेला झाडूवाला, बाहेरच्या कंपनीचा पहारेकरी, धोबीखान्यातील कामगार, रुग्णवाहिकेचा चालक. पगारपत्रकावरून यादी केली की ही सगळी माणसे गळून पडतात, आणि त्यासाठी कोणतीही चुकीची बेरीज करावी लागत नाही.

आपल्या देशाच्या २०२० अखेरच्या मार्गदर्शिकेत या दृष्टीने काही विचार केलेला आढळतो. आरोग्य कर्मचारी म्हणजे कोण, हे सांगताना तीत आशा व अंगणवाडी सेविका, परिचारिका, वैद्यकीय अधिकारी, तंत्रज्ञ यांच्याबरोबर साहाय्यक कर्मचारी आणि वैद्यकीय विद्यार्थी असे गट वेगवेगळे नोंदलेले होते, आणि सरकारी व खाजगी अशा दोन्ही रुग्णालयांचा समावेश होता. तथापि यादी संस्थांनीच आगाऊ भरून ‘कोविन’ या संगणकीय नोंदवहीत घालावयाची होती. म्हणजे शासनाची व्याख्या कितीही विशाल असो, एखाद्या रुग्णालयातील यादी भरणाऱ्याच्या मनात जो आला तोच आत आला.

इतके सगळे केल्यानंतरही एक अडचण उरते. समान कामाच्या, समान वयाच्या, समान धोक्याच्या तीनशे परिचारिका आहेत आणि मात्रा दोनशे आहेत. आता काय करावयाचे? येथे गुणांचे अपूर्णांक काढीत बसणे म्हणजे नसलेला भेद असल्याचा देखावा करणे होय. अशा वेळी चिठ्ठ्या टाकाव्या, असे मत अनेक नीतिशास्त्रज्ञांनी मांडले आहे. माणसाच्या आरोग्याचा निर्णय चिठ्ठीवर सोपवावा हे प्रथम ऐकताना विचित्र वाटते. परंतु आपल्या लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्याप्रमाणे निवडणुकीत दोन उमेदवारांना सारखीच मते पडली तर निर्वाचन अधिकारी चिठ्ठी टाकूनच निकाल देतो. चिठ्ठीला हुद्दा दिसत नाही आणि ओळख चालत नाही. अधिकार खरोखर समान असतील तेथे हा तिचा मोठाच गुण आहे.

कुपीतील सहावी मात्रा

आतापर्यंत आपण ९७५ हा आकडा पक्का धरून चाललो. वस्तुतः तोही पक्का नव्हता. फायझरच्या कुपीत ०.४५ मिलिलिटर घट्ट द्राव असे. त्यात १.८ मिलिलिटर मिठाचे निर्जंतुक पाणी मिसळावयाचे, म्हणजे २.२५ मिलिलिटर लस तयार होई. एका माणसाला ०.३ मिलिलिटर टोचावयाची. भागाकार केला तर साडेसात मात्रा येतात. कुपीवर मात्र पाच लिहिले होते. कारण प्रत्येक वेळी सुई आणि सिरिंजचा दट्ट्या यांच्यामधील पोकळीत थोडा द्राव अडकून वाया जातो. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील औषधनिर्मात्यांच्या ध्यानात आले की, जपून काढले तर कुपीतून सहावी पूर्ण मात्रा निघते. पोकळी कमी असलेली सिरिंज वापरली तर ती खात्रीने निघते. शासनाने ती वापरण्यास अनुमती दिली. मात्र दोन कुप्यांतील उरलेले थेंब एकत्र करून मात्रा बनविण्यास मनाई केली. आपल्या ट्रेचा हिशेब आता १९५ गुणिले ६, म्हणजे ११७० झाला. एका सिरिंजच्या निवडीने १९५ माणसे वाढली.

जानेवारी २०२१ मध्ये कुपीवरील मजकूरही ‘सहा मात्रा’ असा बदलण्यात आला. आणि करार मात्रांच्या हिशेबाने झालेले असल्यामुळे कंपनीने पुढे तितक्याच मात्रांसाठी कमी कुप्या पाठविण्यास सुरुवात केली! ज्या रुग्णालयांपाशी योग्य सिरिंज नव्हत्या त्यांचा त्यात तोटाच झाला.

आपल्याकडे मुख्यत्वे वापरली गेलेली, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेली ‘कोविशील्ड’ ही लस पुष्कळ सोशिक होती. तिला साध्या शीतकपाटाचे २ ते ८ अंश सेल्सिअस तापमान पुरे. तिच्या कुपीत दहा मात्रा असत. परंतु कुपी एकदा उघडली की मार्गदर्शिकेप्रमाणे चार तासांत ती संपवावी लागे. संध्याकाळी एकविसावा माणूस आला म्हणून तिसरी कुपी उघडली आणि त्यानंतर कोणीच आले नाही, तर नऊ मात्रा वाया जातात. आरंभीच्या दिवसांत नावे नोंदलेल्यांपैकी पुष्कळ जण आलेच नाहीत. म्हणून अनेक ठिकाणी एक राखीव यादी ठेवीत, आणि कोणी न आल्यास तिच्यातील माणसाला निरोप धाडीत. अशी यादी आधीच लिहून ठेवलेली असावी लागते. संध्याकाळी पाच वाजता घाईघाईने आठवू लागले की जवळची आणि ओळखीची नावेच आठवतात.

कुपीत दहा मात्रांहून किंचित अधिक द्राव घातलेला असतो. केरळ राज्यातील परिचारिकांनी तो काटकसरीने काढून अकरावी मात्रा मिळविली. मे २०२१ च्या आरंभी त्या राज्याला केंद्राकडून ७३,३८,८०६ मात्रा मिळाल्या होत्या आणि टोचलेल्या मात्रांची संख्या होती ७४,२६,१६४. वजाबाकी केली तर ८७,३५८ येतात.

एकाला दोन की दोघांना एक

शेवटचा प्रश्न सर्वांत कठीण आहे. ९७५ मात्रा आल्यावर ९७५ माणसांना लस टोचावी, की प्रत्येकाची दुसरी मात्रा बाजूला काढून ठेवून ४८७ जणांनाच टोचावी? फायझरच्या चाचणीत पहिल्या मात्रेनंतर सुमारे बारा दिवसांनी संरक्षण दिसू लागले होते. यावरून ब्रिटनने ३० डिसेंबर २०२० रोजी ठरविले की, दुसरी मात्रा बारा आठवड्यांपर्यंत लांबवावी आणि पहिली शक्य तितक्या लोकांना द्यावी. टीका पुष्कळ झाली, आणि ती निराधार नव्हती. फायझरची चाचणी तीन आठवड्यांच्या अंतराने झाली होती. बारा आठवड्यांपर्यंत एका मात्रेचे संरक्षण टिकते किंवा कसे याचा पुरावा त्या वेळी नव्हता. आपल्याकडे कोविशील्ड या नावाने दिल्या जाणाऱ्या लशीच्या बाबतीत मात्र लांब अंतर अधिक फलदायी ठरते, असे फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांवरून दिसून आले.

भारतात कोविशील्डच्या दोन मात्रांतील अंतर आरंभी चार ते सहा आठवडे होते. मार्चमध्ये ते सहा ते आठ झाले. १३ मे २०२१ रोजी ते बारा ते सोळा आठवडे करण्यात आले. त्या सुमारास दुसरी लाट ओसरलेली नव्हती, आणि देशातील सात प्रौढांमागे सुमारे एकालाच पहिली मात्रा मिळाली होती. दुसऱ्याच दिवशी, १४ मे रोजी, ब्रिटनने पन्नाशीवरील लोकांसाठी हेच अंतर बारा आठवड्यांवरून आठ आठवड्यांवर आणले. तेथे एव्हाना दोन-तृतीयांश प्रौढांना पहिली मात्रा मिळून चुकली होती, आणि डेल्टा या नव्या विषाणुप्रकाराची चिंता वाटू लागली होती. तोच विषाणू भारतातही होता. लसही मोठ्या प्रमाणावर तीच होती. एका देशाने अंतर वाढविले, दुसऱ्याने घटविले, कारण एकापाशी कुप्या कमी आणि माणसे फार होती, तर दुसऱ्यापाशी आता कुप्या पुरेशा होत्या.